गुणगुण

डॉक्टरीणबाईंनी नळीचं टोक तळहातावर चोळून जरा ऊबदार केलं आणि मग पोरीच्या पाठीला लावलं. पोर गुणगुणतच होती.

"गाणं थांबव बघू, राणी. मला आतलं ऐकू दे."

"सारखं गाणं असतं हिच्या तोंडात," आई कौतुकाने म्हणाली. "आताशा दमा नाही हो तिला. म्हटलं, तो पंप बंद करता आला तर तुम्हाला विचारावं."

शेजारच्या मावशींनी तर परवा दारातूनच विचारलं होतं, "काय गं, पोरीने रेडिओ गिळलाय की काय?" मशीनवर शर्टाच्या कॉलरी जोडता जोडता आई किती दिवसांनी मोकळी हसली होती. एरवी मशीनच्या खडखडाटातूनही पोरीच्या छातीतली शिट्टी तिच्या कानांना बरोबर सापडायची. मग पाय थांबायचा, काम तसंच पडायचं आणि संध्याकाळी कंत्राटदार तोंड वाकडं करून पुढचा गठ्ठा दुसरीच्या दारात टाकायचा. अलीकडे ती शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती. ऐकू यायची ती फक्त गुणगुण. देवाने ऐकलं म्हणून आईने हात जोडले आणि त्याच भरवशावर कंत्राटदाराकडे वाढीव गठ्ठा मागून घेतला. पोर सकाळी पंप घ्यायला विसरली, तरी तिने पूर्वीसारखी आठवण करून दिली नाही.

"थांबव ना गं," आईने लेकीचा खांदा हलवला.

पोरीने आईकडे पाहिलं. मग ओठ मिटले.

खोलीत शिट्टी वाजू लागली. बारीक, लांबलचक. ती ऐकायला नळीची गरजच नव्हती.

"केव्हापासून आहे हे?"

"नाही हो... थांबलं होतं."

"थांबलेलं नाही, बाई. चांगलंच वाढलंय." डॉक्टरीणबाई उठल्या. "वाफ द्यायला हवी. आत्ताच."

पोर मान खाली घालून बसली होती. चोरी सापडल्यासारखी.

"आई, गाताना येत नव्हती ना ऐकू?"

आईच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली. ती तिने उचलली नाही. तिला तो दिवस आठवला. गठ्ठा अर्धा राहिलेला, कंत्राटदार दारात उभा, आणि कोपऱ्यात पोरीची छाती वाजायला लागलेली. "झालं का तुझं सुरू? त्या शिट्टीने माझा जीव नकोसा झालाय," ती बोलून गेली होती. पोर स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. थोड्या वेळाने आतून गाण्याचा आवाज आला, तेव्हा आईला वाटलं, चला, विसरली.

नाकातोंडावर वाफेचा मास्क बसवल्यावरही पोर गुणगुणू लागली. मास्क आतून धुरकट झाला.

आईने खाली वाकून तिच्या छातीला कान लावला.

"नको गाऊस आता. वाजू दे. मी ऐकतेय."

गुणगुण हळूहळू विरली. शिट्टी कानाशी आली. पोरीने मास्क जरासा बाजूला केला.

"आणि गठ्ठा?"

आईने मास्क पुन्हा नीट बसवला. कान तसाच ठेवला.