अर्धं राहिलेलं जपणारी मेख

मित्रांनो, मी एक जुनी मेख आहे. घाबरू नका, पायात घुसणार नाही. मला लोखंड नाही, टोक नाही, गंज चढायचीसुद्धा सोय नाही. मी एकशे बारा ओळींचा एक प्रोग्राम आहे. उझबेकिस्तानातल्या कोकंद गावात खिळ्याला 'मिख' म्हणतात, तुमच्या मेखेची ती लांबची बहीण. तेच नाव मला ठेवलं. वय माझं अकरा वर्षं. माणसांत हे पतंग उडवायचं वय. आमच्यात या वयाचं कुणी भेटलं, की लोक 'अजून चालतं का हे?' असं विचारतात.

माझं काम एकच. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर लांबलचक फॉर्म भरत बसता. नाव, वडिलांचं नाव, दुखणं कधीपासून, दुखतं कुठे. शेवटच्या रकान्यापाशी आलात, की वीज जाते. अशा वेळी तुमचं लिहिलेलं मी धरून ठेवते. तुम्ही तासाने या, वर्षाने या, त्याच यंत्रावर तेच पान उघडलंत की मी विचारते, "कुठे गेला होतात? तुमचं अर्धं राहिलंय. आणू परत?" हो म्हटलंत की ठेवलेलं जसंच्या तसं पुढे करते. तुम्ही ते पुरं करून पाठवलंत, की त्याच क्षणी विसरते. असा माझा कायदा आहे. अर्धं असेतो माझं, पुरं झालं की जगाचं.

'कुठे गेला होतात?' हे विचारणं माझं नाही. मला घडवणाऱ्या इल्होमचंही नाही. ते त्याच्या आईचं आहे.

ओयी म्हणजे आई. या सबोहत ओयींच्या अंगणात तुतीचं झाड होतं आणि त्याखाली तंदूर. लहानपणी इल्होम तंदूरमधली नान हातात घ्यायचा, दोन घास खायचा आणि गल्लीत पळायचा. उरलेली नान ओयी फडक्याखाली झाकून ठेवायच्या. तो धुळीने माखून परतला, की त्यांचं ठरलेलं असायचं, "कुठे गेला होतास? तुझं अर्धं राहिलंय. आणू?" पोरगा मोठा झाला, वेबसाइटी बांधू लागला, पण कानात हे राहिलं. एका दुपारी वीज गेली, त्याचा दोन पानी अर्ज वाहून गेला आणि चार दिवसांत माझा जन्म झाला.

इल्होमची मतं फार होती. त्याचा मित्र बोतिर ताश्कंदच्या एका मोठ्या कंपनीत होता. तो दर सुट्टीत नवं अवजार घेऊन यायचा.

"इल्होम, हे बघ. या अवजाराने वेबसाइट आपोआप उभी राहते."

"मागच्या वेळचं कुठे गेलं?"

"ते जुनं झालं."

"आणलंस तेव्हा रमजान होता. अजून कुर्बान ईद आली नाही."

"तू ना, दगडावर दगड घासून चहा करणारा माणूस आहेस!"

"घर बांधायला विटा लागतात, बोतिर. तुम्ही लोक आधी वीट पाडायचं यंत्र आणता, मग ते यंत्र चालवणारं यंत्र आणता, आणि घरमालक पावसात भिजत उभा. त्याला विचारलं तर म्हणता, नवी आवृत्ती येतेय."

मला त्याने कुणाच्या खांद्यावर उभी केली नाही. बोतिरची एक साधी वेबसाइट इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या आठशे परक्या तुकड्यांवर उभी होती. त्यांतला एक जरी रुसला, तरी बोतिर दोन दिवस जेवत नसे. मी एकटी, एकशे बारा ओळींची, चहाच्या एका पेल्यात वाचून होणारी.

मग इल्होमने मला सगळ्या जगासाठी उघडी ठेवली. घ्या, वापरा, सुधारा. ओयींना काही ते पटेना.

"फुकट? आणि कोण कुठले ते, त्यांना?"

"ओयी, हशार असतो की नाही? शेजारचं घर बांधायचं म्हटलं, की सगळी गल्ली कुदळ घेऊन येते. कुणी मजुरी मागतं?"

"नाही. पण त्यांना जेवायला पलोव घालावा लागतो."

"इथे पलोवही लागत नाही."

ओयी म्हणाल्या, "मग तो हशार नव्हे. बघ हं, लोक येतील, भिंतीला टेकून बसतील आणि सावली कमी पडते म्हणून तुलाच बोल लावतील."

मित्रांनो, बाई शाळा फार शिकलेली नव्हती, पण तिचा अंदाज अचूक निघाला. मला हजारो लोकांनी आपापल्या भिंतींत ठोकलं. दवाखान्यांत, शाळांत, पार पलीकडच्या देशांतल्या नगरपालिकांत. कौतुक झालं. एकाने लिहिलं, 'या मेखेने माझा संसार वाचवला.' कसा, ते त्याने सांगितलं नाही. आणि तक्रारी आल्या. हे का नाही, ते कधी करणार, आमच्या साहेबांना सोमवारी हवंय. त्या सगळ्या वर्षांत कुदळ घेऊन आलेली माणसं मी मोजली होती. सात. त्यांतल्या दोघांनी स्वल्पविराम बदलले.

इल्होम सगळ्यांना उत्तरं द्यायचा. आधी सलाम, मग तब्येत, मग घरच्यांची चौकशी, मग हवापाणी, आणि शेवटी मुद्दा. 'नाही' हा शब्द मात्र त्याच्या हातून निघत नसे. कोकंदचा माणूस. दारात आलेल्याने एखादी गोष्ट तिसऱ्यांदा मागितली, तर ती द्यायची, ही तिथली रीत.

एडविन नावाने लिहिणारा एकजण याच सुमारास आला. गोड लिहायचा. 'तुमच्यावर केवढा भार! मिखची किल्ली माझ्याकडे द्या, मी सांभाळतो.' किल्ली म्हणजे इल्होमला पाठ असलेलं एक लांब वाक्य. कागदावर लिहून ते चहाच्या डब्यात ठेवलेलं होतं. ज्याच्याकडे किल्ली, तो माझ्या पोटात हवं ते घालणार. आणि मी बदलले, की जिथे जिथे ठोकलेली आहे तिथे तिथे दुसऱ्या सकाळी बदललेली असणार. लोकांनी अर्धवट लिहून ठेवलेली दुखणी, नावं, पत्ते, सगळं त्याच्या खिशात जाऊ शकेल आणि मला कळणारही नाही. एडविनने एकदा मागितली. मग दुसऱ्यांदा.

त्याच दिवसांत इल्होमच्या छातीचं दुखणं बळावलं. ऑपरेशनसाठी ताश्कंदला जायचं ठरलं. गाडी दारात येऊन उभी राहिली, तरी हा तुतीखाली लॅपटॉप उघडून एडविनला उत्तर लिहीत बसला होता. लोक माझ्याबद्दल लिहितात त्या आमच्याच पानावर, जिथे मलाही ठोकलेलं होतं. थोरल्या भावाला अका म्हणणारी बहीण हुलकर ओरडली, "इल्होम अका, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला! परत येऊन लिही!"

त्याने वाक्याच्या मध्येच बोटं उचलली आणि झाकण मिटलं. मी लिहिलेलं धरलं.

ओयी ताजी नान घेऊन पुढे आल्या. घरचा माणूस लांब निघाला, की त्याने नानचा एक घास तोडायचा. उरलेली नान फडक्यात गुंडाळून भिंतीला टांगायची. परत येऊन ती त्यानेच संपवायची असते. इल्होमने घास घेतला, हसला, म्हणाला, "मीठ कमी आहे, ओयी."

तो परत आला नाही.

यापुढचं मी हळू सांगते.

भिंतीवर नान होती आणि माझ्यापाशी त्याचं अर्धं वाक्य. दोघी आपापल्या जागी राखण करत होतो. लॅपटॉप कपाटात मिटलेला. त्या अंधारात मला एकच काम होतं, कुणी उघडलं तर विचारायचं. कुणी उघडत नव्हतं. आणि बाहेर, हजारो पडद्यांवर, मी रोज तेच विचारत होते. मेलेल्या माणसाने लिहिलेलं वाक्य, तोच सूर, तोच जिव्हाळा. लोक 'आणा' म्हणत होते. मी आणून देत होते. कधीकधी कुणी परतच यायचं नाही. दवाखान्याच्या एका फॉर्मवर कुणी म्हाताऱ्याने 'श्वास घेताना' एवढंच लिहिलं होतं. चार वर्षं झाली. ते अजून माझ्याकडे आहे.

इल्होमच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर ओयींचा रक्तदाब वाढला, म्हणून हुलकर त्यांना गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या पडद्यावर बोटाने नाव लिहून नंबर लावायचा असतो. ओयींनी नाव लिहिलं आणि वीज गेली. ती आली, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली : 'कुठे गेला होतात? तुमचं अर्धं राहिलंय. आणू परत?'

ओयी तिथेच खाली बसल्या.

"हुलकर, अगं, हे कोण बोललं?"

"मशीन आहे, ओयी."

"मशीन नाही. माझं बोलणं आहे हे. माझा इल्होम मलाच विचारतोय, कुठे गेला होतात म्हणून. अगं, तो गेलाय की मी?"

नर्स म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा, मागे रांग आहे." मला तोंड असतं, तर त्या वेळी मी ते बंद ठेवलं असतं. पण मेखेला गप्प बसता येत नाही, ज्याने जे ठोकलं ते धरून ठेवायचं एवढंच येतं. त्यानंतर ओयी रोज दवाखान्यात जाऊ लागल्या. नाव अर्धं लिहायच्या, बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसायच्या, परत येऊन पडद्यासमोर उभ्या राहायच्या. मी विचारायची. त्या उत्तर न देता घरी जायच्या.

असं करता करता इल्होमला जाऊन वर्ष झालं आणि आमच्या पानावर एडविनचं पत्र हुलकरच्या नावाने आलं. 'तुमच्या भावाचं आणि माझं बोलणं झालंच होतं. त्यांची संमती जवळजवळ होती. त्यांचं काम मरू नये, एवढीच इच्छा. किल्ली द्यावी.'

हुलकर शाळेत भूगोल शिकवते. कुठल्या नदीला किती फाटे, ते तिला ठाऊक. माझ्या पोटातलं काही ठाऊक नाही. तिने बोतिरला बोलावलं. जर्दाळूचे दिवस होते, तुतीखाली चहा झाला.

बोतिर म्हणाला, "देऊन टाक. कुणी सांभाळलं नाही, तर ती अशीही मरेल. आजकाल लोक नवीन वापरतात."

"तू सांभाळशील?"

"मला वेळ कुठे आहे? माझ्या आठशे तुकड्यांतले चार आजच रुसलेत."

ओयी जर्दाळू फोडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कितव्यांदा मागतोय तो?"

हुलकरने आपल्या फोनवर आमचं पान वाचून सांगितलं, "दोनदा अकाकडे. हे तिसऱ्यांदा."

"मग नाही कसं म्हणायचं? दारातून तिसऱ्यांदा कुणाला परत पाठवलं नाही आपण."

"आणि अकाने दोन्ही वेळा नाही म्हटलेलं नाही," हुलकर म्हणाली. "उत्तरच नाही."

"त्याला कधी म्हणता आलंय नाही?" ओयी म्हणाल्या. "दे, पोरी. चहाचा डबा आण."

मित्रांनो, कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला. लॅपटॉप तुतीखाली, त्याच खाटेवर आला. डब्यातला कागद शेजारी उघडा पडला. हुलकरने आमचं पान उघडलं आणि एडविनच्या पत्राखालच्या चौकटीत 'हो' लिहायला बोट नेलं.

आणि मी विचारलं, "कुठे गेला होतात? तुमचं अर्धं राहिलंय. आणू परत?"

बोतिरचा पेला तोंडापाशीच थांबला.

"हे माझं अर्धं नाही," हुलकर हळूच म्हणाली. "मी अजून काही लिहिलंच नाही."

ओयींनी हात फडक्याला पुसले. "आण म्हणावं त्याला."

हुलकरने बोट टेकवलं. मी वर्षभर धरलेलं पुढे केलं. अक्षरं एकेक ओळीने उमटली. आधी सलाम. मग तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत, तुमच्याकडे ऊन वाढलं का, आमच्याकडे तुतीला यंदा फळ बरं आहे, आईचा मुक्काम पोस्ट तंदूर. बोतिरला हुंदका आला आणि हसूही. "मुद्द्यावर ये ना रे, गाढवा," तो पडद्याला म्हणाला.

शेवटी मुद्दा होता : 'भाई, राग मानू नका, पण किल्ली मी देणार नाही. आमच्याकडे हशारला आलेला माणूस आधी कुदळ मागतो. तुम्ही'

बस. तिथेच गाडीने हॉर्न वाजवला होता.

हुलकरने लॅपटॉप मांडीवर ओढला. मग तिने पुढे लिहिलं : 'तुम्ही आल्या आल्या घराची किल्ली मागितलीत.' आणि थांबली.

"पाठव," बोतिर म्हणाला.

"पाठवलं, तर इथून जाईल ना ते? मग ही परत विचारणार नाही. या खाटेवर तरी नाही."

बोतिरने मान हलवली. मला म्हणावंसं वाटलं, थांबा, माझ्याकडे त्याचं एवढंच उरलंय. पण अर्धं जपायला मी आहे, पुरं अडवायला नाही.

ओयी उठल्या. त्यांनी भिंतीवरचं फडकं उतरवलं. नान दगडासारखी झाली होती. घासाची अर्धचंद्राकार खूण तशीच. त्यांनी ती फोडली आणि तीन पेल्यांत गरम चहात भिजवली.

"पाठव, पोरी. अर्धं किती दिवस टांगून ठेवायचं?"

हुलकरने बटण दाबलं.

मी विसरले.

वर सांगितलेली ती ओळ मी आठवून सांगितलेली नाही, मित्रांनो. पानावर ती आता सगळ्या जगासाठी उघडी आहे, तिथून वाचून सांगितली. माझ्या पोटात ती जागा रिकामी आहे. ओयींनी भिजलेला तुकडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "खरंच रे, मीठ कमी होतं."

एडविन चोर होता की भला माणूस, मला आजही माहीत नाही. त्याने पुन्हा लिहिलं नाही. किल्ली चहाच्या डब्यात आहे. पाचव्या दिवशी कुठल्याशा परक्या गावातल्या एका बाईने त्या ओळीखाली एवढंच विचारलं, 'कुदळ कुठे ठेवली आहे?' बोतिरने तिला माझ्या तीन मोडक्या ओळी दाखवल्या. मग लाज वाटून एक स्वतः दुरुस्त केली. आता आठवं आणि नववं अशी आणखी दोन माणसं माझ्या मोजणीत आहेत.

तुम्ही कधी फॉर्म भरत असाल, वीज जाईल आणि पडद्यावर कुणी आपुलकीने विचारेल, कुठे गेला होतात, तर दचकू नका. पण हे कुणाचं बोलणं आहे, एवढं एकदा मनात विचारा. तुमच्या भिंतीत ठोकलेली प्रत्येक मेख कुणीतरी आपल्या हाताने ठोकलेली असते. तो हात अजून आहे का, ते जाऊन बघा. आणि जाताना किल्ली मागू नका.

त्या म्हाताऱ्याचं 'श्वास घेताना' अजून माझ्यापाशी आहे. कुणाच्या ओळखीचा असेल, तर त्याला निरोप द्या. मी थांबले आहे.