जिन्याचा निकाल

दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मांडीवर फायली, डोळे समोरच्या यंत्रावर. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर प्रतिकारशक्ती जागवणारं नवं इंजेक्शन निघालंय, कुणाला लागू पडेल ते हे यंत्र म्हणे रक्ताच्या एका थेंबात सांगतं. हिरवा दिवा लागला तर पडेल, लाल लागला तर नाही.

"मोठी हॉस्पिटलं शक्यता सांगतात, आम्ही खात्री देतो!" थेंबवाले डॉक्टर माइकवर गरजले. "आजवर एक निकाल चुकलेला नाही!"

टाळ्या कडाडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी प्रयोगशाळेत काम करते. गाठीच्या तुकड्याची पातळ चकती कापायची, रंग द्यायचा, शंभर पेशींत किती तपकिरी झाल्या ते मोजायचं; जितक्या जास्त, तितकी इंजेक्शनची आशा जास्त. माझ्या सख्ख्या दादाच्या सत्तर झाल्या होत्या.

"इंजेक्शन लागू पडायची शक्यता चांगली आहे," मी त्याला म्हटलं.

"नक्की ना?"

"नक्की कसं सांगू? सत्तरवाल्यांनाही कधी कधी लागू पडत नाही."

खरं बोलायची सवय नडली. 'नक्की'च्या शोधात दादा इथे आला आणि लाल दिवा घेऊन गेला. हॉस्पिटलात सुरू झालेलं इंजेक्शन बंद केलं, यांच्या औषधाच्या बाटल्या सुरू झाल्या.

"त्या दिवशी झालं तरी काय?" मी वहिनीला खोदून विचारलं.

"काय होणार? लिफ्ट बंद. नंबर पुकारला म्हणून माझीही पिशवी उचलून हे धावतच जिना चढले. वर पोचेस्तोवर केवढी धाप!"

आजही लिफ्ट बंदच होती. जिन्याच्या वरच्या टोकाला फॉर्म घेणारी बाई बसलेली. रक्त बाहेरून काढून आणायची इथली पद्धत, म्हणून मी माझंच रक्त दोन बाटल्यांत भरलं होतं. एक घेऊन मी भराभर चढले. दुसरी घेऊन माझी नर्स मैत्रीण मुद्दाम धापा टाकत, कठडा धरत, पायरी-पायरीला थांबत आली. बाईनं तिच्या फॉर्मचा कोपरा हळूच दुमडला.

मला हिरवा दिवा मिळाला, तिला लाल.

"दोन्ही बाटल्यांत माझंच रक्त आहे!" मी दोन्ही कार्डं उंच धरून ओरडले. "आणि मला कॅन्सर नाहीच! इथे रक्त नाही, तुमचा दम तपासतात. धाप लागणारा बहुतेकदा आधी जातो, धडधाकट चढणारा टिकतो. मग निकाल चुकेल कसा?"

मी टेबलावरचं कापड खसकन ओढलं. डॉक्टरांच्या बुटाशी दोन बटणं होती, एक हिरवं, एक लाल.

मग एक आजोबा हात जोडत म्हणाले, "पोरी, आमचं हिरवं आलंय. ते तरी राहू दे गं."

दादा पुन्हा हॉस्पिटलात गेला तेव्हा तीन महिने वाया गेले होते. गाठ दुसऱ्या फुफ्फुसात पोचली होती. तो वाचला नाही. भेटायला आलेला शेजारी म्हणाला, "लाल आलं होतं ना? बघा, खरं ठरलं."

लाल दिव्यामुळे इंजेक्शन सोडलेल्या माझ्या भावाचं मरणही थेंबवाल्यांनी आपल्या बरोबर निकालांत धरलं. म्हणून कळवळून सांगते: कुणी खात्री देऊ लागला, की त्याला विचारा, लाल येऊनही ज्यांनी इंजेक्शन घेतलं त्यांचं काय झालं? उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा, आणि आपला डोस चुकवू नका.