धरण्यासारखं काहीतरी

मी एक द्राक्षवेल. आझाल हे माझ्या जातीचं नाव. द्राक्षं पांढरी, चवीला आंबट. खालची जमीन मक्याला हवी, म्हणून पोर्तुगालमधल्या आमच्या मिन्यू प्रांतात वेलींना झाडावर चढवतात. आपल्या लग्नाच्या वर्षी इथल्या शेतकऱ्याने, गास्पारने, मला घराशेजारच्या चेस्टनटच्या झाडाच्या बुंध्याशी लावलं, तेव्हापासून मी वरच. त्यामुळे असेल, पण मी जराशी भित्री आहे. वारा सुटला की फांदी आणखी घट्ट धरते.

गास्पार उंच शिडीवरून तोडणी करायचा. खालून त्याची देओलिंदा ओरडायची, "अहो, पडाल! मग दुसरा नवरा शोधावा लागेल मला!"

"शोध की! पण शिडी चढणारा शोध."

गास्पार गेला. शिडी गोठ्यात आडवी पडली. माझी द्राक्षं पाखरं खाऊ लागली.

यंदा ऑक्टोबर सरताना त्यांचा मुलगा आबिलियु शहरातून आला. त्याने चेस्टनटवर थाप मारली. आतून पोकळ आवाज आला.

"आई, हे घरावर पडेल. उद्याच पाडतो. आणि या वेलीची द्राक्षं बघ, अजून हिरवीच! पिकणार कधी?"

मी फांदी आणखी घट्ट धरली.

"मोठा शहाणा! आझाल पिकली तरी हिरवीच दिसते. चाखलीस का?"

त्याने एक द्राक्ष खाल्लं, तोंड वाकडं केलं. मग आणखी एक खाल्लं.

"झाड पाड," देओलिंदा हळूच म्हणाली, "पण जानेवारीपर्यंत थांब. पानं झडल्यावर वेलीच्या काड्या लावायला कापू. आत्ताच्या काड्या मुळं धरणार नाहीत. झाडाबरोबर ही गेली, तर यांच्या हातचं काय उरलं रे?"

"आणि तोवर वादळ आलं तर?"

"पलीकडच्या खोलीत झोपेन."

पुटपुटत त्याने बुंधा जाड दोराने दगडी भिंतीला बांधला. मग दर रविवारी तो दोर तपासायला येऊ लागला. वादळं आली. मी धरून राहिले, दोरही राहिला.

जानेवारी आला. आज माझ्या आठ काड्या कापल्या. आबिलियुने पहिलीच मातीत उलटी खोचली.

"अरे गाढवा, डोळे वर! डोकं मातीत घालून तू जगशील का?"

आता चेस्टनटवर करवत चालली आहे. मला ऐकवत नाही. पण आबिलियुने गोठ्यातली शिडी आणून माझ्याशेजारी उभी रोवली आहे. गास्पार जिच्यावरून माझ्यापर्यंत यायचा, तीच. पायऱ्या झिजल्यात, पण धरता येतील.

फक्त वारा सुटला, तर कुणीतरी जवळ राहा.