विलासचं दमण

वापी मागे टाकून गाडी दमणच्या हद्दीत शिरली तसा हौसेरावांनी सवयीने हॉर्न वाजवला आणि लगेच हात काढून घेतला. हद्द आली की हॉर्न वाजवायचा, ही विलासने पाडलेली पद्धत. शेजारी बसलेल्या अभयने काच खाली केली. मागे विलासच्या बायकोजवळ, सुनीतीजवळ, हौसेरावांची बायको स्मिता होती. तिने चिवड्याचा डबा पुढे केला.

हौसेराव, अभय आणि विलास तळोज्याच्या एकाच कारखान्यातले. चौदा वर्षं दर जानेवारीत तिघं दोन दिवस इथे यायचे. मासे खायचे, बिअर प्यायची, समुद्राकडे बघत पडून राहायचं आणि परतायचं. गेल्या जूनमध्ये विलास कारखान्याच्या गेटवरच कोसळला आणि गेला. यंदा जायला नको, असं दोघांनी ठरवलं होतं. पण स्मिता कामोठ्याला सुनीतीच्या घरी गेली आणि म्हणाली, आपण चौघं जाऊ, तो कुठे जायचा ते तूही एकदा बघ. सुनीती पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होती. रजा शिल्लक होती. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून आली.

विलासने तिला कधी चल म्हटलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी ईश्वरी पाच वर्षांची असताना तापाने गेली, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. महिन्याभरात विलासने तिचे फोटो, फ्रॉक, पाटी, सगळं एका ट्रंकेत भरून माळ्यावर टाकलं. पुन्हा घरात पोरीचं नाव काढलं नाही. सुनीतीने काढलं की चपला घालून खाली निघून जायचा. मग तिनेही सोडलं. दूध, सिलिंडर, सोसायटीची मीटिंग, एवढंच बोलणं उरलं. या माणसाला काही वाटतच नाही, अशी अढी तिच्या मनात बसली. त्याला अग्नी दिला त्या दिवशीही ती सुटली नाही.

तिघांची ठरलेली मुक्ताबाईंची खाणावळ जामपोरच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली होती. त्या मूळच्या डहाणूकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. विलास गेल्याचं हौसेरावांनी फोनवर कळवलं होतं. मुक्ताबाईंनी सुनीतीचे दोन्ही हात धरले, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि तिला सावलीतल्या खुर्चीवर बसवलं.

कुरकुरीत बोंबील आले, तांदळाची भाकरी आली, कोलंबीचं कालवण आलं. स्मिताने फार आग्रह केला तेव्हा सुनीतीने बिअरचे दोन घोट घेतले. कडू लागली, पण गार होती. तिने चपला काढून पाय वाळूत खुपसले. कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली होती. आपल्याला एकदा आणलं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं.

मुक्ताबाई बोंबलांची दुसरी ताटली घेऊन आल्या.

"लेकीला नाय आनलं, वहिनी? ईश्वरीला?"

अभयचा घास हातातच राहिला. हौसेराव समुद्राकडे बघू लागले.

"भाऊ तिचंच बोलायचे," मुक्ताबाई म्हणाल्या. "पयल्यांदा आले तवा पाचवीत होती. गेल्या साली म्हनाले, आता नोकरीला लागंल. लागली का?"

तेवढ्यात आतून कुणी हाक मारली म्हणून त्या गेल्या.

मग हौसेराव खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, पहिल्या वर्षी मुक्ताबाईंनी सहज विचारलं, मुलं किती. विलास म्हणाला, एक मुलगी, पाचवीत आहे. आम्हाला वाटलं, त्याने विषय टाळला. पुढच्या वर्षी म्हणाला, सहावीत. मग आम्ही काय बोलणार? सांगताना खूश असायचा हो तो. तुमच्या कानावर घालायला हवं होतं आम्ही."

सुनीतीने मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. चौदा वर्षांपूर्वी ईश्वरी दहा वर्षांची असती, पाचवीतच असती. विलासने एक इयत्ताही चुकवली नव्हती. तिला राग आला, आणि कुणावर धरायचा ते कळेना. इतकी वर्षं तो इथे एकट्याने पोरीला मोठं करत होता, आणि त्याने सुनीतीला बोलावलं नव्हतं.

"मी सांगतो मुक्ताबाईंना, नीट समजावून," अभय म्हणाला.

"नको. राहू दे," सुनीती म्हणाली.

स्मिताने तिच्या पाठीवर हात ठेवला. सुनीतीने तो बाजूला केला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलंही नाही. वाऱ्याने ते आपोआप सुकत होतं.

मुक्ताबाई गरम भाकरी घेऊन आल्या. सुनीतीने शेजारची खुर्ची ओढली.

"बसा ना जरा," ती म्हणाली. "दहावीचे टक्के किती सांगितले होते त्यांनी?"

"ब्याऐंशी. इथं सगळ्यांना पेढे वाटले की."

सुनीतीने मान हलवली.

"ब्याऐंशीच होते," ती म्हणाली. "अजून काय काय सांगायचे तिचं?"

मुक्ताबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि पाचवीपासून सुरुवात केली.