खारूनच्या गाण्याची तिसरी ओळ

मी पेटी बोलतेय. पैसे ठेवायची नव्हे हो, वाजवायची. शाळेच्या यादीत मला हार्मोनियम म्हणतात, पण घरच्या नावाची गोडी वेगळी.

नागपूरला जन्मले आणि रेल्वेतल्या यज्ञेश्वररावांबरोबर रायपूरला आले. मोठा हौशी माणूस. खारून नदीवर त्यांनी एक गाणं जुळवलं, लहान पोरांनाही म्हणता यावं म्हणून साध्या हिंदीत.

त्यांची लेक गंधाली मास्तरीण झाली आणि मला सोबत घेऊन गेली. शंकर नगरामागच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, छोटीशी सरकारी शाळा. रोज सकाळी सतरंजी पडायची आणि माझा भाता ओढायला पोरांची झोंबाझोंबी चालायची. पाचवीची पोरं शाळा सोडताना खारूनचं गाणं म्हणूनच बाहेर पडायची, असा रिवाजच होता. पुढं कधी गंधाली पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला गेली की एखादा दुकानदार तागा उलगडता उलगडता तेच गुणगुणायचा आणि वर म्हणायचा, "दीदी, पहचाने नहीं?" दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन ती हे मला सांगायची. काय दिवस होते ते!

मग राज्य नवं झालं. साहेब लोक नव्या रायपुरात गेले. तिथले रस्ते म्हणे ऐसपैस आहेत. आमच्याकडे मात्र तिथून कागद यायला लागले. कोण जेवलं, कोणी जंताची गोळी घेतली, कोणाचं बँकेत खातं आहे, सगळं लिहा. लिहून झालं की तेच पुन्हा मोबाइलवर भरा. गंधालीचा हात माझ्यावरून उठून कागदावर गेला तो गेलाच.

एकदा हुकूम आला की गाण्याच्या तासाचा फोटो पाठवा. हेडमास्तर नीलकंठ सर भला माणूस, पण तोही गांजलेला.

"दीदी, पोट्ट्यांले पेटीजवळ बसवा, तोंडं उघडी ठेवा म्हणा. वरून सारखं विचारून राहिले."

"अन् गाणं?"

"ते उद्या घेऊ ना."

तो उद्या काही आला नाही. पोरं मात्र तरबेज झाली. मला पाहिलं की रांगेत बसायची, तोंड उघडायची, फोटो झाला की पळायची. माझा भाता बंद आणि फोटोत मी गातेय! सांगा आता.

निवृत्तीच्या वर्षी गंधाली मला पुसताना म्हणाली, "या पोरांले बाबांचं गाणं शिकवूनच जाईन." रोज म्हणायची, आणि रोज कुठला तरी तक्ता आडवा यायचा.

निरोपाचा दिवस उजाडला. हार घातला, पेढे वाटले. सर म्हणाले, "चला, दीदींसाठी गाणं म्हणा." पोरं शहाण्यासारखी रांगेत बसली. गंधालीनं भाता उघडून सूर धरला. सगळी तोंडं उघडली, पण आवाज एकाचाही नाही. मी एकटीच वाजत होते.

जरा वेळानं चौथीतल्या राधिकानं विचारलं, "दीदी, फोटू खिंच गया क्या?"

सरांनी मान खाली घातली. गंधालीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती कोणावर रागावली नाही. हार काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "नहीं बेटा. आज फोटो नहीं." मग शिकवायला बसली. घंटा होईस्तोवर दोनच ओळी झाल्या.

"पेटी इथंच ठेवून जातो मी, सर," ती म्हणाली. "गाणं अर्धं राहिलं आहे."

आता माझ्या पोटावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलाय आणि डोक्यावर कागदांचे गठ्ठे आहेत. मधल्या सुट्टीत राधिका येते. गठ्ठे उतरवते, भाता हलवते, एक पट्टी दाबून त्या दोन ओळी म्हणते. तिसरी येत नाही, तेव्हा थांबून माझ्याकडे पाहते. पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल.

मला येते हो तिसरी ओळ, सगळं गाणं येतं. पण मला मेलीला बोटं नाहीत. तुमच्यापैकी कोणी कागद घटकाभर बाजूला ठेवून येता का?