उलटं बूच

किल्लीवाल्यापुढे आजवर एकही कुलूप टिकलं नव्हतं. लोक किल्ल्या आत विसरून दार ओढून घेत, तिजोरीचे आकडे विसरत, आणि मग त्याच्या दुकानाकडे धाव घेत. हा यायचा, तारेचा तुकडा आत सरकवायचा, कान लावायचा, की दोन मिनिटांत काम फत्ते. अशा माणसाच्या तोंडचं पाणी त्या रविवारी दुपारी एका बाटलीने पळवलं होतं. ती उघडू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

"अहो, बूच काढायचा स्क्रू इथेच असायचा ना, खालच्या खणात?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"असेल तिथेच. नीट बघ," तो म्हणाला. स्क्रू तिथे नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. परवाच त्याने तो पुलावरून नदीत भिरकावला होता.

टेबलाशी सासरे बसले होते. त्यांना घरात सगळे आप्पा म्हणत. आप्पांचं अख्खं आयुष्य द्राक्षमळ्याच्या तळघरात वाइनची पिंपं सांभाळण्यात गेलं होतं. बूच हुंगून ते आतल्या मालाची कुंडली सांगत. त्यांच्या शेजारी त्यांची नात, म्हणजे किल्लीवाल्याची एकुलती एक लेक. ती कालच जनावरांची डॉक्टर झाली होती. आणि दोघांच्या मध्ये तोंडावर लाल थर चढवलेली ती गडद हिरवी बाटली, बारा वर्षांची पाहुणी.

बारा वर्षांपूर्वी किल्लीवाल्याने दारू सोडली, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला घरातलं मांजरही तयार नव्हतं. आप्पांनी मात्र नोकरीतल्या शेवटच्या वर्षाची ही बाटली आणून त्याच्या हातात दिली. म्हणाले, "जावईबापू, ही तुमच्याच घरात राहू द्या. नात शिकून मोठी झाली, की तुमच्या हाताने उघडा. आम्ही घेऊ घोटभर, तुम्ही नुसतं ओता." बायकोने ती मुद्दाम कपाटावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. आल्यागेल्याला ती सांगायची, "नजरेसमोर असते, पण यांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही." सांगताना तिची मान कशी ताठ व्हायची! तिच्या त्या ताठ मानेसाठी किल्लीवाला जीव द्यायला तयार होता.

आणि खरं सांगायचं, तर बाटली दुसऱ्याच वर्षी रिकामी झाली होती.

त्या आठवड्यात त्याचा धाकटा भाऊ गेला होता. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, लेक शाळेत. किल्लीवाल्याने भरदुपारी बाटली उतरवली, उघडली आणि तळ दिसेपर्यंत प्याला. शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याने दाट काळा चहा केला, त्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं आणि बाटली भरली. बुचाच्या वरच्या टोकाला स्क्रूचं भोक पडलेलं, म्हणून बूच उलटं ठोकलं आणि वर लाखेच्या जागी लाल मेणबत्ती वितळवली. त्या दिवसापासून आजवर, अकरा वर्षं, त्याने दारूचा थेंब घेतला नव्हता. ते अगदी खरं होतं. पण हे खरं त्या खोट्याच्या पोटात बसलं होतं, आणि एकाला बाहेर काढायचं तर दुसरं आपोआप बाहेर येणार होतं.

"स्क्रू नाहीच हो," बायको हात पुसत बाहेर आली. "आता काय करायचं?"

"मग राहू दे आज," किल्लीवाला घाईघाईने म्हणाला. "पुढच्या रविवारी उघडू."

"वा!" आप्पा खदखदून हसले. "जगाची दारं उघडता आणि घरची बाटली उघडत नाही? आणा तुमची हत्यारं. पुढचा रविवार कुणी पाहिलाय?"

बायकोच हत्यारांची पेटी घेऊन आली. आता पळवाट नव्हती. त्याने टेबलाकडे पाठ फिरवून वरचं मेण खरवडलं. खाली बुचाचं टोक जांभळट काळं पडलेलं होतं. वाइनला टेकणारी बाजू अशी असते. ती वर असायचं काही कारणच नव्हतं, आणि हे आप्पांना लांबूनही कळलं असतं. त्याने अंगठ्याने ते झाकलं. पेटीतला मुद्दाम आखूड स्क्रू निवडून बुचात पिळला, पकडीने ओढला. स्क्रू भुग्यासकट हातात आला.

"नाही निघत," तो म्हणाला. कपाळावरचा घाम मात्र खरा होता.

"स्क्रूशिवायही निघतं. तळघरात आम्ही शंभरदा काढलंय," आप्पा म्हणाले. "बूट आणा. बाटलीचा तळ बुटात घाला आणि बूट भिंतीवर आपटा. बूच आपल्या पायांनी चालत बाहेर येईल."

लेकीने दारातला बूट आणला. तो त्याच्या हातात देताना तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं.

त्याने हळूच आपटलं. एकदा. दोनदा.

"दार वाजवताय की काय? जोर लावा!"

त्याने जोर लावला. भिंतीचा पोपडा पडला आणि बूच चांगलं बोटभर वर आलं. आता एकच मार्ग उरला होता. पुढचा घाव जरा तिरका घालायचा. बाटली फुटली, तर फुटली. त्याने हात उगारला. पण सांडू नये म्हणून बायको अगदी खाली टॉवेल पसरून उभी होती, नवऱ्याकडे वर बघत, हसत. काच तिच्या तोंडावर गेली असती. त्याचा हात खाली आला.

"थांबा," आप्पांनी खिशातून चष्मा काढला. "बुचाचा रंग असा काय दिसतोय? आणा बघू इकडे."

किल्लीवाल्याचे पाय जमिनीला चिकटले.

"मी देते, आप्पा," लेक उठली. तिने बाटली बापाच्या हातातून घेतली, दोन पावलं चालली, आणि बाटली खाली पडली.

खळ्ळकन आवाज झाला. तांबूस पाणी फरशीभर पसरलं. बाटलीचा गळा बुचासकट गडगडत किल्लीवाल्याच्या पायाशी आला. त्याने नकळत त्यावर पाय ठेवला.

घरात आंबूस वास सुटला. आप्पांनी नाक मुरडलं. "आंबली होती गं. बूच वाळलं की असंच होतं. जाऊ दे, नाहीतरी टाकावीच लागली असती."

किल्लीवाल्याचा जीव भांड्यात पडला. संपलं. बाटली गेली, पुरावा पायाखाली, आणि आप्पांनी स्वतःच कारणही देऊन टाकलं. मग त्याने लेकीकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात, शिकत असतानाच, या पोरीने उधळणाऱ्या घोड्याच्या मांडीला चौदा टाके घातले होते. तिचा हात निसटत नसतो.

"अगं, लक्ष कुठे होतं तुझं?" बायकोचा आवाज फाटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुझ्या बाबांनी बारा वर्षं जपलं गं हे! बारा वर्षं! आणि तू एका क्षणात मातीत घातलंस!"

"चुकलं, आई," लेक खाली मान घालून म्हणाली.

ते त्याला ऐकवेना.

"तिचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "त्यात वाइन नव्हतीच. चहा होता."

त्याने वाकून पायाखालचा गळा उचलला आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा," तो बायकोला म्हणाला. "भाऊ गेला त्या आठवड्यात. सगळी प्यायलो. त्यानंतर थेंब नाही." हे वाक्य प्रत्येक दारुडा म्हणतो, हे त्याला म्हणतानाच कळलं. त्याला भयंकर लाज वाटली.

बायकोने लेकीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"शाळा लवकर सुटली होती," लेक म्हणाली. "बाबा मेणबत्ती धरून बसले होते. रडत होते. मी मागच्या मागे गेले."

आप्पांनी गळ्यातलं बूच उपसून बोटांत फिरवलं. "उलटं ठोकलंत," ते शेवटी म्हणाले. "उलटं बूच महिनाभरात गळतं. हे अकरा वर्षं गळलं नाही."

त्यांचं बोलणं किल्लीवाल्याच्या कानात शिरलंच नाही. तो बायकोकडे बघत होता. तिने डोळे पुसले, आत गेली, आणि सुपली-केरसुणी घेऊन बाहेर आली. ती तिने त्याच्या हातात दिली.

"काच तुम्ही भरा," ती म्हणाली. "एक तुकडा राहता कामा नये. पोरगी अनवाणी आहे."

तो गुडघ्यांवर बसला. ती तिथेच उभी राहून, तो उचलत असलेला एकेक तुकडा बघत राहिली. थोड्या वेळाने ती वाकली आणि टेबलाखाली बोट दाखवून म्हणाली, "तो तिकडे राहिला."