भिंतीएवढी नात

माझा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे मी स्वतःला मोठा टिकोजीराव समजायचो. माझी मावशी मात्र मेडिकल कॉलेजात तीस वर्षं प्रोफेसरांसाठी स्लाइड्स करायची आणि कधी बढाई मारायची नाही.

बहिणीची दोन वर्षांची पोर पहिल्यांदाच परदेशातून आली आणि आठवड्यात परतली. आईनं तिला मांडीवर घेतलं, चाचपलं, मुके घेतले. चेहरा काही दिसला नाही. आईला आता मोठं आणि लख्ख असेल तेवढंच दिसतं. डॉक्टर म्हणाले, तेही फार दिवस नाही. माझ्याकडे भाचीच्या फोटोंचा एकच रोल होता, अजून न धुतलेला.

"कागदावर छापू नकोस," मावशी म्हणाली. "स्लाइड्स करू. पोरगी भिंतीएवढी दाखवू ताईला."

माझ्याच डार्करूममध्ये तिनं पदर खोचला. पाण्यात बोट बुडवून म्हणाली, "वीस." मी थर्मामीटर घातला. वीसच! काय बाई आहे!

पहिलं डेव्हलपर झालं, ब्लीच झालं. आणि तिनं सरळ फिल्मच्या टाकीचं झाकण काढलं.

"दिवा लाव."

"मावशी! डोकं फिरलं का तुझं?" मी अंगातला एप्रन काढून टाकीवर टाकला. जन्मभर मी फिल्म उजेडापासून जपत आलोय!

"बाजूला हो, गाढवा. निगेटिव्ह, म्हणजे उलटं चित्र, ब्लीचनं धुऊन गेलं. उरलंय त्याला अजून उजेड लागायचाय. तो दाखवला तरच सरळ चित्र उमटेल."

तिनंच दिवा लावला. फिल्म पिवळट, कोरी. आईला काय सांगू? मावशीनं शांतपणे दुसरं डेव्हलपर ओतलं आणि गुणगुणत टाकी हलवत राहिली. थोड्या वेळानं फिल्म वर धरली तर पोरगी हसत होती. काळे केस काळेच, पांढरा फ्रॉक पांढराच. मी मावशीच्या पायाच पडलो.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरमधून भिंतीवर पहिली स्लाइड पडली. आई उठून भिंतीपाशी गेली आणि त्या एवढ्या मोठ्या गालावर हात ठेवला.

"अगं बाई! ह्यांची खळी! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

काय सांगणार? बाबांना आम्ही जन्मभर दाढीतच पाहिलं होतं.

मावशी पुढची स्लाइड लावायला गेली.

"थांब गं," आई म्हणाली. "घाई कसली?"